झाकण

बामच्या रिकाम्या डबीतून आला नमुना.
वर चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर बॉलपेननं
तुळजा मल्लाव, वय नऊ, वीटभट्टी, अंकलीच्या पुढं.
मिरजेत सोमवारी गर्दी असते.
डबी मी रांगेत सतरावी ठेवली
आणि चहा प्यायले.

काचपट्टीवर सलाईनचा थेंब,
काडीच्या टोकावर मावेल तेवढंच,
वर काचेची पापडी.
बावीस वर्षं हेच करतेय.
माणसांची तोंडं विसरते,
जंतांची अंडी विसरत नाही.

हे मात्र कधी बघितलं नव्हतं.
मोठं, लांबट, शिळ्या चहाच्या रंगाचं
आणि एका टोकाला झाकण.
इतकं बारीक
की आहे म्हणावं तर दिसेना,
नाही म्हणावं तर नजरेतून जाईना.

हणबर सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
म्हणाले, पर्णकृमी. पुस्तकाबाहेर मीही पहिल्यांदाच बघतोय.
मग म्हणाले, शिंगाडे खाते का, विचार.

विचारायला लांब जावं लागलं नाही.
तिची आई, गजरा, दवाखान्याच्या फाटकाशीच बसलेली
हिरव्या, ओल्या, शिंगं रोखलेल्या ढिगामागं.

भट्टीवाल्यांनी माती काढून सोडलेल्या खणी,
त्यांत थांबलेलं पाणी, पाण्यावर वेल,
वेलाखाली गोगलगायी,
काठाला डुकरं,
आणि ट्रकच्या ट्यूबवर पालथी पडून
शिंगाडे तोडणारी पोर.
भूक लागल्यावर ती दातांनीच सोलणार.
सुरी कोण देतंय तिला पाण्यात?

मी सांगायला बसले.
अंडं पाण्यात पडतं. झाकण उघडतं.
आतलं पोहत जाऊन गोगलगायीत बिऱ्हाड करतं,
शेपूट फुटली की निघतं,
शेपूट गळली की शिंगाड्याच्या सालीला
अंग आवळून बसतं,
कुणाचा तरी दात लागेपर्यंत.
मग पोटात त्याचं पान होतं.

"पान? वेलाचं?"

वेलाचं नाही गं.
जळवेसारखं, चपटं, आतड्याला धरून राहणारं.

गजरानं ढिगावर पाणी शिंपडलं,
सवयीनं, ताजे दिसावेत म्हणून.
मग हात थांबवून म्हणाली,
"बाई, ह्ये गिऱ्हाइकास्नी बी सांगायचं का?"

आमच्या छापील कागदावर रकाने आहेत:
रंग, आव, रक्त, अंडी.
या प्रश्नाला रकाना नाही.
मी म्हणाले, आधी पोरीला गोळ्या दे.

वजन एकोणीस किलो. सुजलेल्या पापण्या,
फ्रॉकच्या आत पोट तेवढं पुढं.
गोळ्या वजनावर ठरतात.
चौथ्या दिवशी गजरा परत आली, डबी तीच.
"बघा."
तीन पानं. मेलेली, तांबूस.
मी ती फॉर्मॅलिनच्या बाटलीत घातली.
पोरं येतील कॉलेजची, आकृत्या काढतील.
चिठ्ठीवर तारीख लिहिली, जिल्हा लिहिला.
नाव लिहिलं नाही.

दिवाळी होऊन गेली.
फाटकाशी तीन विटांची चूल,
वर तेलाचा कापलेला पत्र्याचा डबा, वाफ.
शिंगाडे आता काळे.
"जळण लागतंय, बाई. हिरवं तासात खपायचं.
ह्यास्नी लोकं म्हणत्यात, कालचं हाय का?"
ती माझ्यावर रागावली होती की नाही, कळलं नाही.
सुट्टे पैसे मात्र तिनं दोनदा मोजले.

मी पाव किलो घेतले. तिथंच उभी राहिले.
एक उचलला. नख लागेना. साल चिवट.
आणि हा हात, सत्तेचाळीस वर्षांचा,
रोज कितीजणांना नको म्हणून सांगणारा,
सरळ तोंडाकडं निघाला.

विटांच्या थप्पीवर पाय हलवत बसलेली तुळजा
माझ्याकडंच बघत होती.
म्हणाली, "दात न्हाई लावायचं."